लाटा अडविणारा देव

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या प्रसंगी व्याख्यान म्हटले की आपल्याच दैवताचा महिमा ऐकावयाचा अशी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आज मात्र थोडा वेळ दूरच्या एका देवळात जावयाचे आहे. हे देऊळ जपान देशात, टोकियो शहरात आहे. मासळी बाजाराच्या तोंडाशी ते उभे आहे. त्याचे नाव नामियोके इनारी. जपानी भाषेत 'नामि' म्हणजे लाट आणि 'योके' म्हणजे दूर सारणे. लाटा दूर सारणारा देव, असा त्याचा अर्थ. देऊळ लहान आहे. सभामंडप नाही, उंच शिखर नाही. तरी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ हे देवस्थान त्या जागी आहे. त्याच्या दारात बाजार आला, वाढला आणि एके दिवशी उठून गेला. देव मात्र राहिला. तो कशामुळे राहिला, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मासळी बाजारातील देव म्हटल्यावर आपल्या माळकरी मंडळींना नवल वाटेल. पण थोडा धीर धरून ऐकावे. जी शंका त्यांच्या मनात येईल, तिचाच विचार पुढे करावयाचा आहे.

प्रथम त्या देशाच्या धर्माविषयी दोन शब्द. जपानच्या मूळ धर्मास शिंतो म्हणतात. त्याचा कोणी एक संस्थापक नाही, कोणी एक धर्मग्रंथ नाही. डोंगर, झाड, धबधबा, पाऊस, पूर्वज, थोर पुरुष, या सर्वांच्या ठिकाणी ते लोक देव पाहतात. देवाला 'कामी' म्हणतात. आपण तेहतीस कोटी देव म्हणतो, तसे ते ऐंशी लाख कामी म्हणतात. म्हणजे मोजता न येणारे. त्यांतील इनारी हा भाताचा देव. शेतकऱ्याने त्याला पीक मागावे. पुढे शहरे वाढली, तसा तो व्यापाऱ्यांचाही देव झाला. कोल्हा हा त्याचा दूत मानतात. जपानभर इनारीची लहानमोठी तीस हजारांच्या आसपास देवळे आहेत असे सांगतात. गावात, गल्लीत, दुकानाच्या मागे, कोठेही तो असतो. नामियोके इनारी हा त्यांपैकीच एक.

आता त्याची जन्मकथा. टोकियोचे जुने नाव एदो. सन १६५७ मध्ये या शहरास भयंकर आग लागली. घरे लाकडाची, वारा मोठा. निम्म्याहून अधिक शहर जळाले आणि लाखाच्या आसपास माणसे दगावली असे म्हणतात. त्या आगीत होंगान्जी नावाचे बौद्ध धर्मीयांचे मोठे मंदिरही गेले. सरकारने त्या मंदिराला नवी जागा दिली, पण ती समुद्रात! भर घालून जमीन करा आणि मंदिर बांधा, असा हुकूम. जवळच्या त्सुकुदा बेटावरील भाविक कोळ्यांनी या कामाला हात लावला. त्या भागाला आजही 'त्सुकिजी' म्हणतात. त्याचा अर्थच मुळी 'बांधून काढलेली जमीन'.

समुद्रात भर घालणे सोपे काम नव्हे. दगडमातीचा बांध घालावा आणि लाटांनी तो फोडावा, असे पुन:पुन्हा झाले. आपल्याकडे ज्यांनी ओढ्यावर बांध घातले आहेत आणि पहिल्या पुरात ते वाहून गेलेले पाहिले आहेत, त्यांना त्या लोकांची अवस्था समजेल. आख्यायिका अशी की, एके रात्री समुद्रावर एक उजेड तरंगत येताना दिसला. लोक होडी घेऊन गेले, तो पाण्यात इनारी देवाची मूर्ती. त्यांनी ती आणली, देऊळ बांधले, सर्वांनी मिळून उत्सव केला. त्यानंतर लाटा शांत झाल्या आणि भराव पुरा झाला. हे साल १६५९.

आख्यायिकेचा कीस काढण्याचे येथे कारण नाही. पण त्यातील क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. बांध फुटत असताना, काम अर्धवट असताना, हातात पैसा नसताना त्यांनी देऊळ बांधले. संकट टळल्यावर सवडीने बांधले नाही. आणि देव मिळाल्यावर फावडी खाली ठेवली असेही नाही. देव पावला, पण माती माणसांनीच टाकली.

आता बाजार कसा आला ते पाहू. एदो शहराचा जुना मासळी बाजार निहोनबाशी या पुलापाशी भरत असे. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोस प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या, आणि तो तीनशे वर्षांचा बाजार एका दिवसात नाहीसा झाला. व्यापारी त्सुकिजीस आले. तेथे सरकारी घाऊक बाजार बांधण्यात आला आणि १९३५ साली तो सुरू झाला. पुढे तो जगातील सर्वांत मोठ्या मासळी बाजारांत गणला जाऊ लागला. दिवसाला दीड हजार टनांहून अधिक माल तेथे येत असे. पहाटे मोठमोठ्या ट्यूना माशांचा लिलाव होई. अडते, दलाल, हमाल, बर्फवाले, टोपलीवाले, हातगाडीवाले, सगळ्यांची पोटे त्यावर. या बाजाराच्या फाटकालगतच आपले हे लहान देऊळ. म्हणून लाटा अडविणारा देव हा बाजाराचा राखणदार झाला. पूर्वी त्याने समुद्राच्या लाटा अडविल्या. आता धंद्यातील तेजीमंदीच्या, आजारपणाच्या, अपघाताच्या लाटा त्याने अडवाव्यात, असे लोक म्हणू लागले.

आज कोणी या देवळाच्या दर्शनास गेला तर त्याला काय दिसते? भुयारी रेल्वेच्या त्सुकिजी स्थानकातून वर आले की समोर होंगान्जी मंदिर. तेच, ज्याच्यासाठी समुद्र हटविला. आजची इमारत १९३४ सालची आहे. इतो चुता नावाच्या ज्या वास्तुशास्त्रज्ञाने तिची रचना केली, तो पूर्वी हिंदुस्थानात फिरून आला होता. दर्शनी भागाची पिंपळपानाच्या आकाराची कमान पाहून कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या लेण्यांची आठवण व्हावी. मराठी माणूस तेथे क्षणभर थबकतोच.

तेथून पुढे बाजाराच्या गल्ल्या लागतात. शेकडो दुकाने एकाला एक चिकटून. सुऱ्यांना धार लावणारे, समुद्रशेवाळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे विकणारे, चहा, लोणची, लाकडासारखा कडक वाळविलेला मासा, काडीवर लावलेले अंड्याचे गोडसर घडीचे पोळे. धूर, वास, ओरडा, गर्दी. एका गल्लीला देवळाचेच नाव आहे. तिच्या टोकाला दोन खांब आणि वर आडव्या तुळया असे देवळाचे प्रवेशद्वार दिसते. त्यास 'तोरी' म्हणतात. आपल्या तोरणाची आठवण व्हावी असे ते असते. त्याच्या बाहेर बाजार, आत देव. मध्ये भिंत नाही, दरवाजा नाही, कुलूप नाही.

दर्शनाची रीत साधी आहे. तोरीपाशी थांबून किंचित वाकावे. मधोमध चालू नये, कारण मधली वाट देवाची. बाजूला पाण्याची कुंडी असते. पळीने आधी डावा हात धुवावा, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी. देवासमोर लाकडी पेटीत नाणे टाकावे. पुष्कळ लोक पाच येनचे नाणे टाकतात. ते मोठ्या किमतीचे नव्हे. पण पाच येन याचा जपानी उच्चार 'गो एन', आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध. म्हणून ते नाणे. मग दोनदा कमरेत वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातले मागणे, आणि पुन्हा एकदा नमस्कार. झाले दर्शन. रबरी बूट घातलेला कामगारही येतो, दोन टाळ्या वाजवितो आणि कामाला जातो. गर्दीच्या बाजारात याहून लांब पूजा परवडणार नाही, हे त्या देवालाही ठाऊक असावे.

पण या देवळाचे खरे वैशिष्ट्य गाभाऱ्यात नाही, अंगणात आहे. अंगणात दगडी शिळा उभ्या आहेत. पाहणाऱ्यास वाटते, थोर पुरुषांची स्मारके असतील. वाचून पाहता वेगळेच निघते. एक शिळा कोळंबीची. एक जिवंत विकल्या जाणाऱ्या माशांची. एक अंको नावाच्या, मोठ्या जबड्याच्या माशाची. एक शिंपल्यांची. एक अंड्यांची. आणि एक 'सुशी'ची, म्हणजे भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची चकती ठेवून करतात त्या खाद्याची. ज्या ज्या धंद्याचे पोट ज्या ज्या जिवावर चालते, त्या धंद्याच्या लोकांनी त्या जिवासाठी ही शिळा उभी केली आहे. त्यांचा आत्मा शांत व्हावा आणि त्यांचे उपकार विसरले जाऊ नयेत, असा हेतू.

ही रीत जपानात इतरत्रही आहे. शिंपी आणि शिवणकाम करणाऱ्या बाया वर्षातून एक दिवस मोडक्या सुया देवस्थानी नेऊन मऊ अशा सोयाबीनच्या पनीरात खोचतात. जन्मभर जाड कापडात घुसून झिजलेल्या सुईला शेवटी मऊ अंथरूण मिळावे, ही भावना. टोकियोकडे हा दिवस ८ फेब्रुवारीस असतो. जेवणापूर्वी प्रत्येक जपानी माणूस हात जोडून एक शब्द म्हणतो. त्याचा अर्थ 'मी हे नम्रपणे स्वीकारतो'. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाया पडणाऱ्या आणि खंडेनवमीस नांगर-कोयत्याला हळदकुंकू वाहणाऱ्या शेतकऱ्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

आता ती शंका. कोणी म्हणेल, आधी जीव मारावयाचा, विकावयाचा, पैसा करावयाचा, आणि मग त्याच्या नावाने दगड उभा करावयाचा, हे ढोंग नव्हे काय? शंका रास्त आहे. ज्याला मांसाहार वर्ज्य आहे त्याने तो वर्ज्यच मानावा. त्यास कोणी आडवे येत नाही. पण त्या शिळांकडे नीट पाहिले तर दिसते की त्यावर कोठेही 'पाप फिटले' असे लिहिलेले नाही. उलट, देणे लिहून ठेवलेले आहे. वहीत दोन रकाने असतात, जमा आणि देणे. जमेचा रकाना प्रत्येकजण आवडीने भरतो. देण्याचा रकाना कोरा ठेवण्याकडे माणसाचा कल असतो. त्या व्यापाऱ्यांनी आपला देण्याचा रकाना दगडावर कोरला आणि देवाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर उभा केला. ढोंगी माणूस देणे लपवितो. जाहीरपणे कर्ज कबूल करणाऱ्यास ढोंगी म्हणता येत नाही. आणि हे देणे केवळ मासळीवाल्यांचेच आहे असेही नाही. आपल्या ताटातील भाकरीमागे बैलाची मान आहे, मजुराचा घाम आहे, जमिनीचा कस आहे. ते कोणत्या शिळेवर कोरले आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

अंगणातील दुसरे नवल म्हणजे सिंहाची दोन अवाढव्य मस्तके. जुनी समजूत अशी की, ढगांवर सत्ता ड्रॅगनची, वाऱ्यावर सत्ता वाघाची, आणि या दोघांसही धाकात ठेवणारा तो सिंह. ज्यांचे जगणे वारा-पावसावर, त्यांनी म्हणून या देवाला सिंहाची मस्तके वाहिली आणि उत्सवात ती खांद्यावर मिरविली. जुनी मस्तके आगीत गेली. पुढे पुष्कळ वर्षे तशीच गेली. मग १९९० साली नराचे मस्तक नव्याने घडविण्यात आले. त्याची उंची सुमारे आठ फूट आणि वजन सुमारे एक टन! २००२ साली मादीचे मस्तक झाले. ते लाल असून वजन सुमारे सातशे किलो आहे. तिचे दात काळे आहेत. जुन्या काळी जपानी विवाहित स्त्रिया दात काळे करीत. आपल्याकडेही जुन्या सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत, हे येथील आजीबाईंनी पाहिले किंवा ऐकले असेल. त्या मादीच्या माथ्यावरील मण्यात बेनझाइतेन देवीची मूर्ती ठेवली आहे. ही बेनझाइतेन दुसरीतिसरी कोणी नसून आपली सरस्वती होय. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानात गेली. हातात वीणेऐवजी तिकडचे वाद्य आले, नाव बदलले, पण माहेर हिंदुस्थानच. टोकियोच्या मासळी बाजारात, सिंहिणीच्या माथ्यावर, सरस्वती बसली आहे!

उत्सव जून महिन्यात असतो. मोठा उत्सव तीन वर्षांतून एकदा. एक टन वजनाचे ते मस्तक एकट्यादुकट्याने हलत नाही. अनेक खांदे लागतात आणि सर्वांचे पाऊल एकाच वेळी पडावे लागते. ज्यांनी पालखी वाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की एकाचे पाऊल चुकले तर शेजाऱ्याच्या खांद्यास ते कळते.

देणगीदार मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. महायुद्धानंतर, १९४७ पासून लागू झालेल्या जपानच्या राज्यघटनेप्रमाणे सरकारी पैसा कोणत्याही देवस्थानास देता येत नाही. म्हणजे देवळाचे छप्पर गळू लागले तर ते भक्तांनीच शाकारले पाहिजे. म्हणून देवळाच्या दगडी कुंपणाच्या खांबांवर देणाऱ्यांची नावे कोरलेली दिसतात. त्यांत बाजारातील धंद्यांच्या संघांची नावे आहेत. यात एक खुबी आहे. आपल्याकडे नावाची फरशी भिंतीत बसवितात. तेथे देणाऱ्याचे नाव कोरलेला खांब हाच कुंपणाचा खांब असतो. त्या खांबाने काम करावयाचे असते. एक खांब काढला तर कुंपणास भगदाड पडते.

आणि आता कसोटीचा प्रसंग. त्सुकिजीचा बाजार जुना झाला. जागा अपुरी पडू लागली, इमारती मोडकळीस आल्या. सरकारने तोयोसु येथे, सुमारे दोन किलोमीटरवर, नवा बाजार बांधला. ती जागाही समुद्रात भर घालूनच झालेली. पूर्वी तेथे गॅसचा कारखाना होता. जमिनीत विषारी अंश राहिले, म्हणून २०१६ साली ठरलेले स्थलांतर पुढे ढकलावे लागले. पुष्कळ वाद झाला. व्यापाऱ्यांत दोन तट पडले. अखेर ६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्सुकिजीचा घाऊक बाजार शेवटचा भरला आणि ११ ऑक्टोबरला तोयोसुचा बाजार सुरू झाला. ज्या फाटकाजवळ हा देव राखण करीत बसला होता, त्या फाटकाच्या आतील त्र्याऐंशी वर्षांचा बाजार उठून गेला. नंतर इमारतीही पाडण्यात आल्या. त्या मोकळ्या जागेवर पन्नास हजार प्रेक्षक बसतील एवढे क्रीडागार आणि मोठमोठ्या इमारती बांधण्याची योजना २०२४ साली निवडण्यात आली आहे.

बाजार गेला, मग देवाचे काय? देव कोठेही गेला नाही. बाहेरच्या गल्ल्यांतील किरकोळ दुकाने जागेवर राहिली आणि त्यांच्याबरोबर देऊळही राहिले. शिळा उभ्या आहेत. कुंपणाच्या खांबांवरील नावे तशीच आहेत. समुद्र मागे हटला, खाडी बुजली, घाऊक बाजार हलला, तरी ज्या जागी पूर्वजांचा बांध टिकला ती जागा लोकांनी सोडली नाही.

हा प्रसंग आपल्यालाही अगदीच परका नाही. त्यांचा बाजार दोन किलोमीटर गेला. आपल्या गावोगावची तरणी माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला, सुरतेला, त्याही पलीकडे गेली. गाव सोडलेला माणूस देवाला पैसे पाठवितो, ही चांगलीच गोष्ट. पण कुंपणाचा खांब मनीऑर्डरीने उभा राहत नाही. देणारा दूर असेल, तर कोणीतरी जवळचा माणूस रोज दिवा लावणारा, झाडलोट करणारा, कौल फुटले की बदलणारा हवा. आणि जवळच्या माणसाला दूरच्याचा आधार हवा. दोघांपैकी एकाने हात काढून घेतला की पालखी तिरकी होते.

शेवटी जपानमधीलच आणखी एक उदाहरण सांगून थांबावयाचे. इसे येथे त्यांचे सर्वांत थोर देवस्थान आहे. तेथील मुख्य देवळे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने, पूर्वीच्याच मापाने बांधतात. ही रीत इसवी सन ६९० पासून चालत आली आहे. मध्ये युद्धांमुळे खंड पडला, पण ती मोडली नाही. बासष्टावी वेळ २०१३ साली झाली. पुढची २०३३ साली यावयाची आहे. जुन्या देवळाचे लाकूड फेकून देत नाहीत. इतर गावांच्या देवळांस ते देतात. वीस वर्षांचा हिशेब असा की, ज्या पोराने एका वेळी सुताराच्या हाताखाली लाकूड उचलले, तो पुढच्या वेळी स्वत: कारागीर असतो आणि त्याच्या पुढच्या वेळी नव्यांना शिकविणारा वडीलधारा. म्हणजे जीर्णोद्धार देवळाचा होतो, तसाच तो माणसांच्या हातांचाही होतो.

तेव्हा नामियोके इनारी इतकी वर्षे कशामुळे राहिला, या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. प्रत्येक पिढीने आपले देणे नव्याने लिहिले. एकाने बांध घातला, एकाने शिळा उभी केली, एकाने कुंपणाचा खांब दिला, एकाने जळून गेलेले मस्तक पुन्हा घडविले. पूर्वजांनी केले, आता आपले काही नाही, असे म्हणून कोणी हात झटकले नाहीत. समारंभाचा मांडव उद्या उतरेल, पाहुणे आपापल्या गावी जातील. परवा सकाळी देवापुढे दिवा कोण लावणार, हे आज रात्री जेवताना घराघरांत ठरावे. तेवढे झाले म्हणजे या व्याख्यानाचे सार्थक झाले.

 बोला, ग्रामदैवताचा जयजयकार असो!